‘हरित कॅम्पस’चा झाडू कुणाच्या हातात? पर्यावरण, कौशल्य आणि आपल्या शिक्षणाचा इतिहास

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात नॅकची समिती येणार होती. आठ दिवस नुसती धावपळ. कुंड्या आल्या, सौर दिवे लागले, कंपोस्टचा खड्डा खणला गेला, फाटकावर ‘हरित परिसर’ असा फलक चढला. ‘शाश्वत विकास’ या विषयावर एक दिवसाची कार्यशाळाही झाली. मीही श्रोत्यांत होतो. चहाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या मागे गेलो, तर ठेकेदाराच्या चार बाया उघड्या हातांनी ओला-सुका कचरा वेगळा करत बसलेल्या. त्यांना ताकीद होती की पाहुणे जाईपर्यंत पुढच्या अंगणात दिसायचे नाही.

त्या चौघींपैकी एकीची मुलगी त्याच महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने पर्यावरणाच्या पेपरसाठी प्रकल्प लिहिला होता. विषय होता घनकचरा व्यवस्थापन. अक्षर सुंदर, आकृत्या नीट, श्रेणी उत्तम. पण आईच्या कामाचा त्यात एक शब्द नव्हता. मी विचारले, “आईबद्दल का नाही लिहिलंस?” ती म्हणाली, “दादा, ते सिलॅबसमध्ये कुठंय?”

त्या प्रश्नाने माझी झोप उडवली. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे.

आज सगळीकडे शाश्वततेची भाषा चालू आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात पर्यावरण आले, आयटीआयमध्ये सौर तंत्रज्ञाचा ट्रेड आला, कॅम्पसचे ग्रीन ऑडिट आले. आपल्या चळवळीतले अनेक तरुण याकडे पाठ फिरवतात. ते म्हणतात, झाडे आणि पक्षी हा पोट भरलेल्या सवर्णांचा छंद आहे. आपले प्रश्न आरक्षण, शिष्यवृत्ती आणि अत्याचार हे आहेत. त्यांचा राग मला समजतो. पण हा निष्कर्ष आपल्याच इतिहासाच्या अज्ञानातून आलेला आहे. पाणी, माती, कारागिरी आणि शिक्षण यांची सांगड या महाराष्ट्रात सर्वांत आधी कुणी घातली असेल, तर ती आपल्या महापुरुषांनी.

फुल्यांनी मागितलेला अभ्यासक्रम

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा ही त्यातली मागणी आपण सर्वांना सांगतो. पण त्याच निवेदनात शाळेत काय शिकवावे हेही आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत, असे ते मागतात. शेतकऱ्याच्या मुलाला त्याच्या जगण्याशी जोडलेले शास्त्र मिळावे, हा त्यांचा आग्रह होता.

पुढच्याच वर्षी त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. त्यात एका निसर्गचक्राचे वर्णन आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचे शेण-मूत पावसाबरोबर वाहून खाली शेतात येते आणि जमीन कसदार राहते. इंग्रज सरकारच्या जंगलखात्याने डोंगर आणि गायराने ताब्यात घेतली आणि हे चक्र तुटले. उपाय काय? फुले सांगतात की डोंगरउतारावर जागोजाग ताली आणि बंधारे बांधा, पाणी जमिनीत मुरू द्या, तळ्यांतला गाळ काढा, पाणी वाया जाऊ नये म्हणून शेताला तोट्या लावून द्या. आज ज्याला पाणलोट विकास म्हणतात आणि ज्याचे अभ्यासक्रम निघतात, ते हेच. फरक एवढाच की फुल्यांच्या मांडणीत माती आणि पाणी यांच्यासोबत भटशाही आणि नोकरशाहीही आहे. जमीन कुणी नापीक केली आणि त्याची किंमत कुणी मोजली, हा प्रश्न ते सोडत नाहीत. आजच्या पाठ्यपुस्तकाने तेवढाच प्रश्न सोडून दिला आहे.

१९४२चे निवेदन

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. सार्वजनिक संसाधनावर सर्वांचा समान हक्क आहे, हे त्यांनी कृतीतून सांगितले. महाडचा सत्याग्रह हा मानवी हक्कांचा लढा होता आणि त्या हक्काचे माध्यम पाणी होते. पर्यावरणाच्या एकाही पाठाची सुरुवात महाडपासून होत नाही, याचे आश्चर्य वाटायला हवे.

त्यानंतर पंधरा वर्षांनी, जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन व्हाइसरॉयला दिले. ते प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावे. त्यात त्यांनी स्पष्ट मांडले की कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचे फारसे भले होणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे प्रगत शिक्षण हवे. त्यासाठी दरवर्षी दोन लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये त्यांनी मागितले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने यांत अस्पृश्य मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या, असेही त्यांनी सुचवले.

हे नीट बघा. एकीकडे विद्यापीठातले उच्च विज्ञान, दुसरीकडे कारखान्यातले हातांचे कौशल्य. बाबासाहेबांनी दोन्ही एकाच कागदावर मागितले. त्यांच्या लेखी हातकाम हलके नव्हते. पण ते काम नव्या यंत्रावरचे, पगाराचे आणि कोणत्याही जातीच्या माणसाला करता येणारे असले पाहिजे, ही त्यांची अट होती.

याच काळात सिंचन आणि वीज हे विषयही त्यांच्या खात्याकडे होते. दामोदर खोऱ्याची योजना आणि १९४५ मध्ये स्थापन झालेला केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग यांत त्यांचा वाटा आहे. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटकच्या परिषदेत त्यांनी सांगितले की नद्यांचे पाणी हे समुद्रात ढकलून देण्याचे संकट मानू नका, ते साठवून वापरण्याचे धन आहे. मोठ्या धरणांनी पुढे आदिवासींना आणि दलितांना विस्थापित केले, हेही खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण बाबासाहेबांचा मूळ निकष आजही उपयोगाचा आहे: या पाण्याने आणि या विजेने सर्वांत खालच्या माणसाचे कष्ट कमी झाले का?

‘कौशल्य’ या शब्दातला सापळा

आता एक इशारा. कौशल्य शिक्षण म्हटले की आपण लगेच टाळ्या वाजवू नयेत. या देशात कौशल्याच्या नावाखाली जातीचा धंदा परत गळ्यात मारण्याचे प्रयत्न झाले आहेत.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम पुढे आली. शिक्षण हस्तोद्योगातून द्यावे आणि मुलांच्या उत्पादनातून शिक्षकाचा खर्च निघावा, ही त्यातली कल्पना. ज्यांच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबूनच दिवस काढले, त्यांना हे नवे कसे वाटावे? गांधीवादावर लिहिताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली ती यासाठीच. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. भंगीकामाला सेवेचा मोठेपणा देऊन ते काम त्याच जातीकडे ठेवण्याची चलाखी त्यांनी तिथेच उघडी पाडली.

दुसरे उदाहरण मद्रास राज्याचे. १९५३ मध्ये मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी दिवसातले काही तास शाळेत बसायचे आणि उरलेला वेळ आई-बापांचा धंदा शिकायचा. म्हणजे न्हाव्याच्या पोराने वस्तरा आणि चांभाराच्या पोराने आरी. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, असे नाव देऊन रान उठवले. १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराज मुख्यमंत्री झाल्यावर योजना गुंडाळली गेली.

आज ‘पारंपरिक ज्ञान’, ‘ग्रामीण कारागिरी’, ‘हरित कौशल्य’ हे शब्द ऐकताना मद्रासची आठवण ठेवा. बांबूकाम बुरुडाच्या पोरालाच, कचऱ्याचे प्रशिक्षण मेहतर-मातंगाच्या पोरीलाच आणि सौरऊर्जेचा डिप्लोमा दुसऱ्यालाच, अशी वाटणी झाली तर ती चातुर्वर्ण्याची हिरवी आवृत्ती ठरेल.

नागसेनवन

८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांना सोयीचे व्हावे म्हणून वर्ग सकाळी भरत. कामगार विद्यार्थी हा त्या वेळापत्रकाच्या केंद्रस्थानी होता. संस्था कशी चालवावी, याचा हाही एक धडा आहे.

१९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. उच्च शिक्षण आपल्या मुलांच्या स्वप्नातही नव्हते. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांच्या प्रश्नोत्तरांवरून महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. दुष्काळी मराठवाड्यातल्या त्या परिसराच्या नावातच ‘वन’ आहे. प्रश्न विचारणारा राजा, उत्तर देणारा भिक्खू आणि भोवती झाडे, असे त्या नावातले चित्र आहे.

बौद्ध परंपरेत संस्थेचा परिसर कसा चालवावा याचे दाखलेही आहेत. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आनंद आणि राजा उदयन यांची गोष्ट येते. आनंदाला पाचशे वस्त्रे दान मिळाली, तेव्हा राजाला शंका आली की एवढ्या कापडाचे हे करणार काय. आनंदाने हिशेब दिला. नवी वस्त्रे भिक्खूंना वाटू. जुन्यांची अंथरुणे, ती विरली की जमिनीवरची आवरणे, मग पायपुसणी, मग फडकी आणि शेवटी चिंध्या चिखलात मळून जमीन लिंपू. काहीही वाया नाही. आणि हे काम एका जातीचे नव्हते. विहार झाडणे हे भिक्खूंच्या कर्तव्यांत होते. ज्या सुनीताच्या नशिबी रस्ते झाडणे आले होते, तो संघात थेर झाला. झाडू मात्र सर्वांच्या हातात गेला. आजच्या हरित कॅम्पसवाल्यांनी पहिला अर्धा धडा घेतला आहे, दुसरा अर्धा टाळला आहे.

पुण्यातल्या बायांनी शिकवलेला धडा

आता अलीकडचा इतिहास. १९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागाने कचरावेचक वस्त्यांत साक्षरतेचे काम सुरू केले. पूर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या त्या कामातल्या कार्यकर्त्या. अक्षरे शिकवायला गेलेल्या विद्यापीठाला बायांनी वेगळाच विषय शिकवला. उकिरड्यात हात घालून भंगार काढण्यापेक्षा घराघरांतूनच सुका कचरा वेगळा मिळाला, तर काम स्वच्छ होईल आणि दोन पैसे जास्त मिळतील. विद्यापीठाच्या ओळखपत्रावर काही जणी तसे काम करू लागल्या. ज्या बाईला सोसायटीचा वॉचमन चोर समजून हाकलत होता, तिच्या गळ्यात विद्यापीठाचे ओळखपत्र आले!

१९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात अधिवेशन झाले आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया, त्यातही मातंग आणि बौद्ध मोठ्या संख्येने. पुढे पालिकेने ओळखपत्रे मान्य केली. २००८ मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने घरोघरच्या कचरा संकलनाचा करार केला. आणि देशाच्या घनकचरा नियमांत कचरावेचकांना सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर स्पष्टपणे आली ती २०१६ मध्ये.

इथे आपल्यापैकी काही जण विचारतील: बाबासाहेबांनी घाणीची कामे सोडायला सांगितले, मग कचरावेचकांच्या संघटनेचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे: आज जी बाई या कामावर जगते, तिला ओळख, विमा, हातमोजे आणि दर मिळवून देणे हा लढा आहे. तिच्या मुलीला त्या कामातून बाहेर काढणे हाही लढा आहे. पहिला लढा दुसऱ्याचा शत्रू नाही. शत्रू तो, जो पहिल्या बाईला ‘पर्यावरण योद्धा’ म्हणून शाल देतो आणि दुसऱ्या मुलीची शिष्यवृत्ती अडवतो.

सिलॅबसमध्ये काय आले, काय गळले

२२ नोव्हेंबर १९९१ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रखडली. अखेर २००३च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व पदवी शाखांसाठी सहा महिन्यांचा एक समान अभ्यासक्रम आणला. आठ घटक, पन्नास तासिका, शेवटी क्षेत्रकार्य. नैसर्गिक साधनसंपत्ती, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या. त्यात कुटुंबकल्याण आहे, एचआयव्ही-एड्स आहे, मूल्यशिक्षण आहे, पुनर्वसनही आहे. घटकांच्या यादीत जात नाही.

ज्या देशात गावाची विहीर, स्मशान, गायरान आणि गटार जातीने वाटलेले आहे, तिथे जात वगळून पर्यावरण शिकवणे म्हणजे गुरुत्वाकर्षण वगळून भौतिकशास्त्र शिकवण्यासारखे आहे. पुढे काय झाले ते आपण जाणतो. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, मुले रात्रीतून उतरवून काढतात, मास्तर पाने मोजून श्रेणी देतात. आणि त्या मुलीला वाटते की आपली आई सिलॅबसच्या बाहेर आहे.

कॅम्पसच्या कारभाराचेही तसेच. नॅकच्या सातव्या निकषात सौरऊर्जा, पाणी साठवण, कचरा व्यवस्थापन, ऊर्जा आणि पर्यावरण यांचे ऑडिट विचारले जाऊ लागले. चांगलेच आहे. पण ऑडिटच्या फाइलमध्ये झाडांची संख्या असते, दिव्यांची संख्या असते. सफाई कामगाराचे वेतन नसते. वसतिगृहाचा सेप्टिक टँक कोण उपसतो आणि कशाने, हे नसते. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा नवा कायदा ६ डिसेंबर २०१३ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, लागू झाला. सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही गटारात किंवा टाकीत उतरवणे हा त्यात गुन्हा आहे. तो फक्त नगरपालिकेला नाही, प्रत्येक संस्थेला आणि तिच्या ठेकेदाराला लागू आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली. २० ऑक्टोबर २०२३च्या निकालाने ती तीस लाख केली. भरपाईचा आकडा वाढतो आहे, याचा अर्थ माणसे अजून मरत आहेत.

आपण काय करायचे?

इतिहास सांगून गप्प बसणे ही आपली परंपरा नाही. महाविद्यालयात आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या भीमसैनिकांसाठी काही ठोस कामे सुचवतो.

एक. आपल्या महाविद्यालयाचे ग्रीन ऑडिट माहितीच्या अधिकारात मागा. खाजगी संस्था अनुदानित असेल तरीही अर्ज करा. त्यासोबत सफाई, बागकाम आणि सुरक्षा यांचे ठेके मागा. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, ईएसआय, हातमोजे, बूट, सेप्टिक टँकची यंत्राने सफाई, हे सर्व तपासा. माणसांचा हिशेब नसलेले ऑडिट हिरवे नाही, एवढे लेखी कळवा.

दोन. पर्यावरणाचा प्रकल्प विकत घेऊ नका. आपल्या वस्तीचे पाणी कुठून येते, गटार कुठे जाते, कचरा डेपो कुणाच्या घराशेजारी आहे, गावातले गायरान कुणाच्या ताब्यात आहे, याची पाहणी करा. नकाशा काढा, माणसांशी बोला, तारखा नोंदवा. क्षेत्रकार्य अभ्यासक्रमात आहेच. त्याचा विषय आपण ठरवू शकतो.

तीन. १९५० मध्ये शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि त्यातून आयटीआयचे जाळे उभे राहिले. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यात १९७३ मध्ये कलम ३-अ आले आणि नेमून दिलेल्या ट्रेडमध्ये अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव झाल्या. म्हणजे १९४२ मध्ये बाबासाहेबांनी छापखान्यासाठी जे मागितले, त्याला कायद्याचा आधार मिळाला. मग विचारा: सौर पॅनल बसवणाऱ्या, वीज वितरण करणाऱ्या, इलेक्ट्रिक गाड्या बनवणाऱ्या आस्थापनांत या जागा भरल्या का? आपल्या पोरांना इलेक्ट्रिशियन, सौर तंत्रज्ञ आणि जलशुद्धीकरणाचे काम मिळते, की फक्त हाउसकीपिंग?

चार. सफाई यंत्रांचे प्रशिक्षण निघाले तर दोन अटी घाला. यंत्राची मालकी आज हे काम करणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे असावी, आणि प्रशिक्षणाचे वर्ग सर्व जातींसाठी खुले असावेत. ज्या दिवशी सक्शन मशिनवर जोशी आणि पाटील आडनावाचे ऑपरेटर दिसतील, त्या दिवशी ते काम नोकरी झाले असे म्हणू.

पाच. भीमजयंतीपासून सुरुवात करा. मिरवणुकीनंतरचा कचरा कोण उचलतो? दुसऱ्या दिवशी पहाटे येणाऱ्या ताईही आपल्याच आहेत. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या पिशव्या बंद करून, मंडळाच्या पोरांनी स्वतः झाडू हातात घेतला, तर विनयपिटकातला तो उरलेला अर्धा धडा आपण पूर्ण करू.

यातले एकही काम उद्यापासून अशक्य नाही. झाडे लावायला आपला विरोध नाही. झाड लावणाऱ्याच्या हाताला मान आणि दाम मिळावा, एवढेच आपले म्हणणे आहे.

त्या मुलीला मी नंतर भेटलो. ‘असूड’मधले ताली-बंधाऱ्यांचे प्रकरण आणि १९४२च्या निवेदनाची प्रत तिला दिली. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा समाजशास्त्राच्या प्रकल्पात तिने महाविद्यालयातल्या चार सफाई कामगारांच्या दिवसाची नोंद केली. किती वाजता घर सोडतात, किती किलो उचलतात, किती रुपये हातात पडतात. पहिले नाव तिच्या आईचे आहे.

सिलॅबस असाच बदलत असतो.

जय जोती! जय भीम!